गाडी पुसणारा चित्रकार: के. एच. आरा आणि आपल्या भिंतींचा प्रश्न

एप्रिल हा आपल्या घराघरांत जयंतीचा महिना. ११ तारखेला जोतिराव फुले, १४ तारखेला बाबासाहेब. मिरवणूक आटोपते, पताका उतरवायच्या राहिलेल्या असतात आणि तेवढ्यात १६ तारीख येऊन निघूनही जाते. त्या तारखेला जन्मलेल्या एका माणसाची आठवण आपल्यापैकी फार थोड्यांना असते. कृष्णाजी हौळाजी आरा. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात के. एच. आरा या नावाने ओळखला जाणारा चित्रकार.

मी उरण तालुक्यात, न्हावा शेवा बंदराच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये काम करते. समाजशास्त्राची पदवी घेतली तेव्हा आरा हे नाव माझ्याही कानावर आलं नव्हतं. ते आलं आमच्या वस्तीतल्या एका मुलामुळे. हा मुलगा दिवसा एका यार्डात ट्रेलर धुतो आणि रात्री चित्रं काढतो. कागद महाग म्हणून कंटेनरमधून निघालेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर काढतो. एकदा त्याने मला विचारलं की ताई, गाड्या धुणारा माणूस कधी चित्रकार झालाय का? मला उत्तर देता आलं नाही. शोधायला बसले तेव्हा आरा सापडले. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

बोलारमहून मुंबईला

आरांचा जन्म १६ एप्रिल १९१४ चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. तेव्हा तो भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि बोलारम ही इंग्रज फौजेची छावणी होती. वडील मोटार चालवायचे. मूल तीन वर्षांचं असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. घरात मन रमेना म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास पोरगा पळून मुंबईला आला.

सात वर्षांचं पोर एकटं मुंबईत येतं तेव्हा त्याला चित्रकार व्हायचं नसतं. त्याला संध्याकाळी भाकरी हवी असते. आरा घरगडी झाले. भांडी घासणं, गाड्या पुसणं, सांगेल ते काम करणं. एका इंग्रज कुटुंबाकडेही ते नोकरीला होते. हातात फडकं असलेलं हे पोर रिकाम्या वेळात कागदावर काहीतरी गिरवत बसायचं. पुढे काही काळ त्यांनी केतकरांच्या कलावर्गात धडे घेतले, पण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये बसून रीतसर शिकणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. त्यांचं बरंचसं शिक्षण मुंबईच्या रस्त्यावर, प्रदर्शनं बघत आणि स्वतःच्या चुका दुरुस्त करत झालं.

समाजशास्त्रात सांस्कृतिक भांडवल असा एक शब्द आहे. घरातली पुस्तकं, आईवडिलांची भाषा, ओळखीपाळखी, कुठे कसं वागायचं याची सवय, या सगळ्याची मिळून ती पुंजी असते आणि पैशासारखीच ती पिढीजात मिळते. आरांच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. त्यांची गोष्ट वाचताना हे विसरून चालणार नाही.

१९३० चं साल

१९३० हे साल आपल्याला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचं साल म्हणून माहीत आहे. २ मार्चला नाशिकमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला. दहाच दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी साबरमतीहून निघाले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आमच्या उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं मेली.

आरा मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि त्यांना पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. ज्याच्या नावावर ना जमीन, ना घर, ना शाळेचा दाखला, असा एक घरगडी मिठासाठी तुरुंगात गेला. आमच्याकडे मिठागरांत राबलेली म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्या तळपायाला पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत. त्यामुळे मिठाचा सत्याग्रह म्हटलं की मला आधी त्या भेगा आठवतात आणि मग पुस्तकातला फोटो. आरा कोणत्या बाजूला उभे होते हे समजायला मला या भेगांची मदत झाली.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांना मुंबईत एका जपानी कंपनीत गाड्या पुसण्याचं काम मिळालं. राहायला वाळकेश्वरच्या बाजूला एक लहानशी खोली. आजूबाजूला मलबार हिलचे बंगले आणि मध्ये नोकरमाणसाची ही खोली. पुढे नाव झालं, बक्षिसं मिळाली, परदेशात चित्रं गेली, तरी आरांचा मुक्काम वाळकेश्वरलाच राहिला. त्यांनी लग्न केलं नाही. एकाच खोलीत झोपायचं, स्वयंपाक करायचा आणि चित्रंही रंगवायची.

ज्यांनी पाहिलं, त्यांची नोंद

आरांची चित्रं कुणाच्या नजरेत भरली हे सांगायला हवं. रुडॉल्फ फॉन लायडन हे जर्मनीतून आलेले गृहस्थ टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहीत. वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियाचे चित्रकार त्याच वृत्तपत्रात कला विभागाचे प्रमुख होते. एमान्युएल श्लेसिंगर हे व्हिएन्नाहून आलेले उद्योजक चित्रं विकत घेत. तिघेही हिटलरच्या वाढत्या राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले. रक्त आणि वंश बघून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांनी या गाडी पुसणाऱ्या तरुणाची चित्रं पाहिली आणि त्याला रंग, कागद आणि उत्तेजन दिलं.

१९४२ मध्ये मुंबईतल्या चेतना रेस्टॉरंटमध्ये आरांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. लक्षात घ्या, रेस्टॉरंटमध्ये. आज जहांगीर कलादालन म्हणजे चित्रकाराचं पंढरपूर मानतात, पण ते १९५२ मध्ये उघडलं. त्याआधी नव्या चित्रकाराला स्वतःचं काम लोकांपुढे मांडायला मुंबईत जागा फार थोड्या होत्या. जिथे माणसं जेवायला येतात तिथल्या भिंतीवर आरांची चित्रं लागली आणि गाजली. १९४४ मध्ये त्यांना गव्हर्नरचं पारितोषिक मिळालं. गाडी पुसणाऱ्याचं नाव इंग्रजी वर्तमानपत्रांत छापून आलं.

नाकारलेलं चित्र आणि सहा जण

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. आरांनी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचं एक मोठं चित्र रंगवलं. मिठासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाने ते रंगवणं किती साहजिक होतं! बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनासाठी ते गेलं आणि नाकारलं गेलं. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची जन्मकथा सांगताना हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. नाकारलेल्यांनी दारात बसून रडण्याऐवजी आपली स्वतःची भिंत उभी करायची ठरवली.

या गटात सहा जण होते. गोव्यातल्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, मध्य प्रांतातले सय्यद हैदर रझा, पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे हरी अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे आणि आपले आरा. या गटावर लिहिणारे कला-अभ्यासक एक गोष्ट आवर्जून नोंदवतात. हुसेन आणि रझा मुस्लिम, सूझा ख्रिस्ती, गाडे आणि बाकरे हिंदू, आणि आरा दलित. फाळणीच्या रक्तातून देश नुकताच बाहेर पडत होता, तेव्हा हे सहा जण एका नावाखाली एकत्र आले. संविधान सभेचं काम तेव्हा दिल्लीत चालू होतं. तिथे कागदावर जे लिहिलं जात होतं, त्याचा एक लहानसा नमुना मुंबईत भिंतीवर लागत होता असं मला वाटतं.

७ जुलै १९४९ रोजी रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात या गटाचं मुंबईतलं प्रदर्शन उघडलं. ज्या संस्थेने आरांचं चित्र परत पाठवलं होतं, तिच्याच दालनात दोन वर्षांनी हे प्रदर्शन भरलं. उद्घाटन केलं मुल्कराज आनंद यांनी. हे तेच लेखक, ज्यांनी १९३५ मध्ये बाखा नावाच्या सफाई करणाऱ्या मुलाच्या एका दिवसावर अनटचेबल ही कादंबरी लिहिली. त्या कादंबरीतला मुलगा शिवाशिवीच्या जगात दिवसभर हिंडतो, आणि इथे त्याच लेखकाने ज्या प्रदर्शनाचं उद्घाटन केलं, त्यात एकेकाळी गाड्या पुसणारा एक माणूस चित्रकार म्हणून मानाने उभा होता.

मडकी, फुलं आणि काळ्या बायका

आरांनी काय रंगवलं? सुरुवातीला भिकारी, जुगारी, वेश्या, रस्त्यावरची माणसं. ज्यांच्यात ते वाढले ती. पण त्यांचं नाव झालं ते वस्तुचित्रांसाठी. फुलदाणीतली फुलं, फळं, मडकी, सुरया. १९५२ मध्ये त्यांच्या टू जग्ज या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. म्हणजे फक्त दोन भांडी! ज्याने लहानपणी दुसऱ्याच्या घरी भांडी घासली, त्याच्या दोन भांड्यांना सोन्याचं पदक. हा अर्थ मी लावते आहे, आरांनी तो लावला असेल असं नाही. पण चित्र एकदा भिंतीवर लागलं की पाहणाराही त्यात आपलं काहीतरी घालतोच.

त्यांचे जलरंग पाहायला मिळाले तर जवळून पाहा. जलरंग म्हणजे पातळ, वाहता, पारदर्शक रंग ही आपली समजूत. आरा तो जाड लावायचे, तैलरंगासारखा थर देऊन. तैलरंग महाग, म्हणून हाताशी असलेल्या स्वस्त रंगातून तोच जोर काढायचा, हे कष्टकऱ्याचं डोकं त्यात दिसतं. पुढे ते तैलरंगातही काम करू लागले.

एका विषयावर मला थोडं थांबून बोलायचं आहे. आरांनी आयुष्यभर स्त्रीचं विवस्त्र शरीर रंगवलं. आधुनिक भारतीय चित्रकारांमध्ये या विषयाकडे इतक्या सातत्याने वळलेले ते सुरुवातीचे चित्रकार. १९६३ मध्ये त्यांनी ब्लॅक न्यूड या नावाने अशा चित्रांची मालिका मांडली. काळ्या, जाड्याभरड्या, भरल्या अंगाच्या बायका. कॅलेंडरवरच्या गोऱ्यापान देवीसारख्या त्या दिसत नाहीत.

बहुजन घरातली बाई म्हणून ही चित्रं पाहताना माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. आपल्या बायकांच्या शरीरावर गावगाड्याने कशी मालकी सांगितली, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून पुरुषाने रंगवलेलं बाईचं उघडं शरीर बघताना मी सावध असते, आणि प्रत्येकीने असावं. पण दुसरी बाजूही खरी आहे. ज्या देशात लग्नाच्या जाहिरातीत अजून गोरी वधू मागतात, तिथे साठ वर्षांपूर्वी एका माणसाने काळ्या रंगाला मोठ्या कागदावर मध्यभागी बसवलं आणि ते शरीर लपवण्यासारखं नाही, पाहण्यासारखं आहे असं ठरवलं. आपल्या मुलींनी ही चित्रं पाहावीत, त्यांच्याशी भांडावं. आपल्या माणसाचं आहे म्हणून आंधळं कौतुक करू नये.

मागे राहिलेला माणूस

गट फार दिवस टिकला नाही. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले. १९५१ मध्ये बाकरे लंडनला. हुसेन देशभर गाजले आणि पुढे जगभर. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत गट संपल्यात जमा झाला. आरा मुंबईतच राहिले.

कलेच्या इतिहासात राहून गेलेल्याला मागे पडलेला समजतात. मला हा हिशोब चुकीचा वाटतो. काळा घोड्याजवळ रॅम्पार्ट रोवर, ज्याला आज के. दुभाष मार्ग म्हणतात, तिथे आर्टिस्ट्स सेंटर नावाचं एक लहान दालन होतं, आजही आहे. कलाकारांना मदत करण्यासाठी चालवलेली ही संस्था. आरांनी अनेक वर्षं तिचा कारभार पाहिला. मोठं दालन ज्यांना परवडत नाही, ज्यांच्या नावाला अजून वजन नाही, ज्यांना कुणी ओळखत नाही, अशा पोरांना तिथे भिंत मिळायची. कितीतरी चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन अशा छोट्या जागेत झालं. आपलं काम बाजूला ठेवून दुसऱ्यांची चित्रं टांगायला मदत करायची, नव्या मुलांना धीर द्यायचा, हे आरांनी केलं. स्वतःची चित्रं ते कमी किमतीत देत आणि पैसा साठवत नसत.

रेस्टॉरंटच्या भिंतीवर पहिलं प्रदर्शन केलेल्या माणसाला भिंतीची किंमत कळते. ज्याचं चित्र एकदा परत आलं आहे, त्याला दारात उभ्या असलेल्याचं तोंड वाचता येतं. आरांच्या चित्रांची चर्चा होते, लिलावही होतात. पण मला त्यांचं मोठं काम हेच वाटतं, की स्वतःला आत जायला मिळाल्यावर त्यांनी दार मागच्यासाठी उघडं धरलं.

३० जून १९८५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. आज त्यांची चित्रं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात आहेत. आपल्या वस्तीत मात्र त्यांचं साधं नावही नाही.

आरा चळवळीचे चित्रकार म्हणून ओळखले जात नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांच्या चित्रांत मोर्चा, पुतळा, निळा झेंडा शोधू नका. त्यांना ओढूनताणून आपल्या व्यासपीठावर बसवण्याची गरज नाही. त्यांच्या आयुष्यातून जे शिकण्यासारखं आहे, ते त्यांच्या हातून घडलेल्या कामात दिसतं. तेवढं पुरेसं आहे.

समुद्रापलीकडचे पँथर

आता थोडं दूर जाऊ. न्यूझीलंडला. तिथले मूळ रहिवासी माओरी, आणि सामोआ, टोंगा, कुक बेटं यांसारख्या पॅसिफिक बेटांवरून कामासाठी आलेली माणसं. कारखान्यांना मजूर हवे होते तोवर या बेटांवरच्या लोकांना बोलावलं. मंदी आली तेव्हा सत्तरच्या दशकात पहाटे घरात घुसून त्यांचे कागदपत्र तपासले गेले. ऑकलंडमधल्या तरुणांनी १९७१ मध्ये पॉलिनेशियन पँथर ही संघटना उभी केली. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोन्हींची प्रेरणा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरची. एकमेकांची तोंडं न पाहिलेले हे दोन समाज एकाच वेळी एकच नाव घेऊन उठले, हे आपल्या मुलांना शाळेत कुणी शिकवत नाही.

१९८४ मध्ये ते माओरी नावाचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भरलं. पूर्वजांची कोरीव लाकडी शिल्पं तिथे गेली, पण एकटी गेली नाहीत. समाजाचे वडीलधारे सोबत गेले आणि त्यांनी पहाटे आपल्या विधीने प्रदर्शन उघडलं. वस्तू संग्रहालयाची झाली तरी तिच्यावरचा मान आमचा, हे त्यांनी जगाला दाखवलं.

त्याहून मला जवळची वाटते ती ओटाराची गोष्ट. ओटारा हा दक्षिण ऑकलंडमधला कष्टकऱ्यांचा भाग, माओरी आणि पॅसिफिक लोकांची मोठी वस्ती, शनिवारच्या बाजारासाठी प्रसिद्ध. तिथे बाजारपेठेतच २००६ मध्ये फ्रेश गॅलरी नावाचं कलादालन सुरू झालं. २०१० मध्ये शेजारच्या मांगेरेमध्ये कलाकेंद्र उभं राहिलं. शहराच्या मध्यभागी चकचकीत इमारतीत जाऊन मान खाली घालून चित्रं पाहण्याऐवजी, भाजी घ्यायला आलेली आजी आपल्या नातवाचं काम पाहू शकते. कुक बेटांवरच्या बायका मिळून तिवायवाय नावाची गोधडी शिवतात. ती तिकडे कला म्हणून मानाने भिंतीवर लागते. आपल्या आयांनी शिवलेल्या वाकळा आपण मात्र पाहुणे आले की पलंगाखाली सारतो.

ओटाराच्या लोकांनी जे केलं, ते थोड्या प्रमाणात आरांनी मुंबईत रॅम्पार्ट रोवर केलं होतं. फरक एवढाच, की ओटारात भिंत वस्तीत आली. आरांच्या वेळी वस्तीतल्या माणसाला काळा घोड्यापर्यंत जावं लागायचं. आणि आपल्याला आजही जावं लागतं.

आपल्या विहाराची भिंत

मागच्या वर्षी वस्तीतल्या नऊ मुलामुलींना घेऊन मी मुंबईला गेले. मोऱ्याहून लाँच, भाऊचा धक्का, तिथून काळा घोडा. वाटेत डावीकडे, उजवीकडे, कुठूनही घारापुरीचं बेट दिसत राहतं. लोक तिथे शिवाची लेणी बघायला जातात. त्याच बेटावर टेकडीवर विटांचा जुना बौद्ध स्तूप आहे, हे मुलांना तेव्हाच कळलं. पुढे एका दालनाच्या दारात पहारेकऱ्याने आम्हाला दोनदा विचारलं की कुठल्या शाळेची सहल आहे. बाकी कुणालाच त्याने काही विचारलं नव्हतं. ट्रेलर धुणारा तो मुलगा आत गेलाच नाही. तो पायरीवर बसून राहिला आणि समोरच्या झाडाचं चित्र काढत राहिला.

परत येताना लाँचवर त्याने मला विचारलं की हे सगळं आपल्या विहारात का नाही लावता येत. मला उत्तर द्यायला इथेही वेळ लागला.

आमच्या विहाराची मागची भिंत मोकळी आहे. पुढे बुद्धरूप, बाबासाहेबांचा फोटो, आणि मागे पांढरा चुना. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही ती भिंत दोन दिवसांसाठी मागितली. सुतळी बांधली, कपड्यांचे चिमटे लावले, एकवीस चित्रं टांगली. पुठ्ठ्यावरची, वहीच्या कागदावरची, एका मुलीने जुन्या साडीवर काढलेलं एक. बरीचशी बंदराची. मिठागर, खाडी, रांगेत उभे ट्रेलर, डब्यात जेवणारी माणसं. त्या मुलाने आपल्या आईचं चित्र काढलं होतं. ती यार्डाबाहेर चहाची टपरी चालवते. चित्रात तिचा चेहरा काळा, हात मोठे, आणि ती हसत नाही.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या काही वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. विहारात फक्त महापुरुषांचे फोटो असावेत, असं त्यांचं म्हणणं. काहींना आईचं चित्र उदास वाटलं. मला त्यांचा राग आला नाही. ही भिंत त्यांनी वर्गणी जमवून, स्वतःच्या हाताने विटा वाहून उभी केली आहे. १९८४ च्या जानेवारीत जासई, नवघर परिसरात जमिनीसाठी पाच माणसं गोळीला बळी पडली, तो काळ त्यांनी पाहिला आहे. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं आणि गावांचं रूप बदललं, तेही त्यांनीच सोसलं. भिंत हातातून जाण्याची भीती त्यांच्या हाडात आहे. पण मी त्यांना रायगडातल्याच कुडा लेण्यांची आठवण करून दिली. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यात एक माळीही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी फुलं विकणाऱ्या माणसाचं नाव विहाराच्या दगडात कोरलं गेलं. बुद्धाच्या घरात कष्टकऱ्याच्या नावाला जागा होती. मग त्याच्या आईच्या चित्राला आज का नसावी?

बैठकीत निर्णय झालेला नाही. या वर्षी १४ ते १६ एप्रिल अशी तीन दिवस भिंत मागायची, असं आम्ही ठरवलं आहे. १६ तारीख मुद्दाम घेतली आहे.

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे, वाचनालय आहे, व्यायामशाळा आहे. त्यातल्या एका भिंतीवर वर्षातून तीन दिवस तुमच्याच मुलांची चित्रं लावा. सुतळी आणि चिमटे एवढाच खर्च आहे. चित्र चांगलं की वाईट याचा निकाल पहिल्याच वर्षी लावू नका. चित्राखाली नाव नीट लिहा, काढणाऱ्याचं आणि त्याच्या आईचंही. आयांच्या वाकळाही लावा. आणि ज्याचं चित्र नाकारावंसं वाटेल, ते नाकारण्याआधी एका स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचं चित्र आठवा.

त्या मुलाला मी आता उत्तर दिलं आहे. हो, गाड्या पुसणारा माणूस चित्रकार झाला होता. तो नुसता चित्रकार होऊन थांबला नाही, त्याने पुढे दुसऱ्यांसाठी भिंतही सांभाळली. ते ऐकून मुलाने पहिली गोष्ट विचारली ती अशी, की समितीची बैठक कधी आहे.

बैठक येत्या रविवारी आहे. तोही येणार आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.